स्टेडियम लहान केलं की तिकिटाला भाव येतो का?

शिकागोकर
शिकागोला लागून असलेल्या इव्हान्स्टनमध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने आपलं 1926 चं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम पाडलं. त्याच जागी नवं उभं राहतंय, खर्च 85 कोटी डॉलरच्या घरात. जुन्यात 47 हजार लोक मावायचे, नव्यात फक्त 35 हजार. एवढा पैसा ओतून खुर्च्या कमी केल्या म्हणून लोक हसतात, पण मला हे शहाणपणाचं वाटतं.

जुन्या मैदानावर ओहायो स्टेट किंवा नेब्रास्का या विद्यापीठांचे संघ आले की बघावं तिकडे त्यांच्या चाहत्यांचे लाल टी-शर्ट. अख्ख्या सीझनचा पास घेतलेले आपले लोक पाहुण्यांना तिकिटं विकून मोकळे व्हायचे. गोंगाट इतका, की घरच्याच क्वार्टरबॅकची (चाल ठरवून चेंडू फेकणाऱ्याची) हाक त्याच्या खेळाडूंपर्यंत पोचायची नाही, सगळं खुणांवर. मॅचच्या आदल्या दिवशी दुसऱ्याकडून रीसेलवर तिकीट मातीमोल भावात मिळणार हे माहीत असेल, तर उन्हाळ्यातच अख्ख्या सीझनचा पास कोण घेईल? जादा खुर्च्या बाकीच्यांचा भाव पाडतात. त्या काढून टाकल्या हे बरंच झालं.

पिवळा_निळा
शिकागोकर, मागणी नाही हे झाकायला खुर्च्या कापल्या, आणि तुम्ही त्याला शहाणपण म्हणताय. अ‍ॅन आर्बरला, आमच्या मिशिगन विद्यापीठात या एकदा. मिशिगन स्टेडियमची क्षमता 1 लाख 7 हजार. पाठ टेकायला काही नाही, अ‍ॅल्युमिनियमचं बाकडं, शेजाऱ्याचा गुडघा तुमच्या पाठीत, नोव्हेंबरात वरून बर्फ. तरी 1975 पासून, कोविडचा 2020 सोडला, तर घरच्या प्रत्येक मॅचला आकडा लाखाच्या वर. 1927 मध्ये बांधतानाच पुढे वाढवता येईल असा पाया घातला होता. लाख लोक एकत्र ओरडतात म्हणूनच तर माणूस तिथे जातो. 35 हजारांत ती मजा कुठली?

हिशेबनीस
लाखाचा आकडा आणि लाखाची मागणी यात फरक आहे राव. 2014 मध्ये मिशिगननेच तीन डॉलरच्या दोन कोकवर दोन तिकिटं फुकट अशी योजना काढली होती. बोंबाबोंब झाल्यावर गुंडाळली. त्या काळात विद्यार्थ्यांचा पास 295 डॉलरपर्यंत नेला होता. पोरं गळाली, तेव्हा पुढच्या वर्षी 175 वर आणावा लागला. विद्यापीठाचे क्रीडाप्रमुखही (अ‍ॅथलेटिक डिरेक्टर) गेले.

खेळ पाहायला एक माणूस जास्त आला तर विद्यापीठाचा खर्च जवळपास शून्य, म्हणून मोठं स्टेडियम भरलं तर सोन्याची खाण. पण चांगल्या जागांचा खरा पैसा तिकिटात नसतोच, पास मिळवायला आधी द्याव्या लागणाऱ्या देणगीत असतो. त्या देणगीच्या 80 टक्के रकमेवर पूर्वी करसवलत मिळायची, ती 2018 पासून बंद झाली. त्यात 2025 पासून खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. टेनेसी विद्यापीठाने त्यासाठी तिकिटावर सरळ 10 टक्के जादा आकार लावला. लाखाचं स्टेडियम भरतं, म्हणून त्यांना ते परवडतं. नॉर्थवेस्टर्नला जमेल?

शिकागोकर
नाही जमणार, हेच तर म्हणतोय! ज्याच्याकडे टेनेसीचा प्रेक्षक नाही त्याने टेनेसीचं स्टेडियम कशाला बाळगायचं? शिवाय नव्या स्टेडियमात वर्षाला सहा मैफलींची परवानगी मिळाली आहे. इव्हान्स्टनच्या रहिवाशांचा विरोध होता, नगर परिषदेत मतं समसमान पडली आणि महापौरांच्या मताने निकाल लागला. सहा-सात मॅचच्या कमाईवर एवढा खर्च निघत नाही हे विद्यापीठालाही कळतं.

खाडीपलीकडचा
लहान केलं की भरतं, यावर माझा विश्वास नाही. आमच्या शेजारच्या, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2006 मध्ये हेच केलं. 85 हजारांचं पाडून 50 हजारांचं बांधलं, बघायला सुरेखच आहे. संघ जिंकत होता तोवर गर्दी असायची. आता शनिवारी दुपारी जा, ऐसपैस पाय पसरून बसा.

पिवळा_निळा
घ्या! म्हणजे शेवटी संघ जिंकायला हवा. कोकची गोष्ट खरी, पण त्या वर्षीचा आमचा संघ आठवा की. 12 पैकी 7 मॅच हरलो होतो. आज तिकिटं फुकट वाटावी लागत नाहीत. ओहायो स्टेटच्या मॅचचं तिकीट शोधून पाहा आणि भाव इथे टाका.

हिशेबनीस
ओहायो स्टेटचं नको. सप्टेंबरातल्या एखाद्या लिंबूटिंबू संघाविरुद्धच्या मॅचचा भाव टाका. स्टेडियम किती मोठं असावं ते त्या दिवशी कळतं.