सड्यावरून (पठारावरून) भाटात (माडांच्या बागेत) उतरताच सिग्नल जातो कुठे?

सडेकर: फोंड्याकडे भूकंपीय सर्वेक्षणाची लाईन टाकलीय, प्रत्येक चॅनलला ६ जिओफोनची (जमिनीची कंपनं टिपणारे, खिळ्याने रोवायचे सेन्सर) माळ. सड्यावर जांभ्यात खिळा शिरेना, ड्रिलने भोकं पाडली. रेकॉर्ड मात्र स्वच्छ. उतारावर एका माळेतले ३ जांभ्यावर आणि ३ माडांच्या आळ्यातल्या भुसभुशीत मातीत. तेवढा एकच चॅनल मेल्यासारखा. केबल दोनदा तपासली.

भाटकारीण: केबलचा दोष नाही हो बाब. ४ मीटर सैल माती, लाटेचा वेग सेकंदाला ४०० मीटर धरा, लागले १० मिलिसेकंद. तेवढाच जांभा २००० ने, २ मिलिसेकंद. फरक ८. आणि ६० हर्ट्झची अर्धी लाट ८.३ ची! तिघे वर ओढतात, तिघे खाली. नंतर स्टॅटिक करेक्शन (वरच्या थरातल्या उशिराची दुरुस्ती) लावून ते परत येणार नाही, बेरीज तारेतच होऊन गेली. सहाही एका जागी गोळा करून लावा. ग्राउंड रोल (जमिनीलगत धावणारी नकोशी लाट) वाढेल, पण तो प्रोसेसिंगमध्ये बराच कापता येतो.

मानशीवालो: जांभ्याखाली शेडी (मऊ चिकणमाती) असली तर तिकडेही बघा. तिचा वेग वरच्यापेक्षा कमी, त्यामुळे अपवर्तन पद्धतीत (खालच्या वेगवान थरातून वळून येणाऱ्या लाटांवरून खोली काढतात ती) ती दिसतच नाही आणि खालचा खडक आहे त्याहून खोल निघतो. मी एकदा असाच फसलोय, बोअर मारल्यावर कळलं. पृष्ठतरंगांची पद्धत (जमिनीलगतच्या लाटांवरून थर ओळखायची) जोडीला घ्या.

सडेकर: गोळा करून लावली, चॅनल जिवंत! आता वारा सुटला की माड डोलतो आणि आळ्यातले जिओफोनही. उद्या पहाटे ५ ला जातोय.