खानावळीवर विनोदी मालिका लिहायची आहे: आधी कोणत्या मालिका पाहाव्यात?

मंगळवारपेठकर

नमस्कार. कोल्हापुरातील आमचा हौशी नाट्यगट यूट्यूबसाठी एक विनोदी मालिका लिहीत आहे. मालकीणबाई, रोज जेवायला येणारे निवृत्त मास्तर, परगावचे दोन विद्यार्थी आणि एक वाढपी अशी पात्रे आहेत व सारे काही एका खानावळीत घडते. पहिल्या भागाच्या वाचनाला हशा मिळाला, परंतु दुसऱ्या भागापासून पात्रे केवळ कोट्या करण्यापुरती उरतात, असे सर्वांचेच मत पडले. पात्रे टिकण्यासाठी कोणत्या मालिका पाहाव्यात आणि त्यांत नेमके काय पाहावे?

जुना प्रेक्षक

'श्रीयुत गंगाधर टिपरे' पाहा. 2001 मध्ये, झी मराठीचे नाव अल्फा मराठी होते त्या काळात, केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली ती सुरू झाली आणि तिचा आधार होता दिलीप प्रभावळकरांचे 'अनुदिनी' हे लेखन. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शिऱ्या आणि शलाका एवढेच घर. प्रसंगही कोणत्याही मध्यमवर्गीय घरात घडावेत इतके साधे. तरीही ती पुन्हा पाहावीशी वाटते, कारण एकाच प्रसंगाकडे घरातील प्रत्येक माणूस आपापल्या स्वभावानुसार पाहतो आणि तो काय म्हणेल याचा अंदाज आपल्याला आधीच आलेला असतो. हसू त्या अंदाजातून येते. दुसरे म्हणजे आबांची रोजनिशी. आबा घटनेत सापडलेले असतात आणि रात्री लिहिताना तिच्याकडे थोडे लांबूनही पाहतात; त्यात तक्रारीचा सूर नसतो, नव्या पिढीविषयी कुतूहल असते. आबांची भूमिका करणारे प्रभावळकर त्या वेळी साठीचेही नव्हते, पण म्हातारपणाचे सोंग कुठे जाणवत नाही. (याच नटाने त्याआधी दूरदर्शनवर चिमणरावही उभा केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे संयम किती आहे ते कळते.)

तुमच्या संहितेवर एक सोपी कसोटी लावा. मास्तरांचे वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडी घातल्यावर काही बिघडत नसेल, तर ते वाक्य कितीही हशा मिळवणारे असले तरी काढून टाका.

रंकाळावासी

वरील सल्ला योग्य आहे, परंतु टिपऱ्यांचा सौम्यपणा नवशिक्या लेखकाला साधत नाही. अनुकरण करताना तो मिळमिळीत होतो. मी 'साराभाई वर्सेस साराभाई' ही हिंदी मालिका सुचवेन. 2004 च्या सुमारास सासू-सुनांच्या मालिकांना ऊत आला असताना तिने तेच भांडण उच्चभ्रू राहणी आणि मध्यमवर्गीय सवयी यांच्यावर नेऊन ठेवले. सासू माया आवाज न चढवता सून मोनिशाचा पाणउतारा करते आणि सासरा इंद्रवदन आगीत तेल ओततो, पण एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा असलेल्या साहिलमुळे दोघींनाही एकमेकींपासून सुटका नाही.

तुमच्या खानावळीची खरी अडचण इथे आहे असे मला वाटते. कुटुंबातून उठून जाता येत नाही, खानावळीतून येते. समोर दुसरी खानावळ असतेच. त्यामुळे प्रत्येकाला तिथे अडकवणारे कारण द्यावे लागेल: एकाची उधारी थकली आहे, दुसऱ्याने महिन्याचे पैसे आगाऊ भरले आहेत, मास्तर वरच्याच खोलीत भाड्याने राहतात. यासाठी 'फॉल्टी टॉवर्स' ही इंग्रजी मालिका अवश्य पाहा. 1975 आणि 1979 मधील मिळून तिचे केवळ 12 भाग आहेत. हॉटेलातील पाहुणे बदलतात, परंतु मालक बेसिल, त्याची बायको सिबिल, नोकरीला असलेली पॉली आणि स्पॅनिश वाढपी मॅन्युएल तिथेच राहतात, आणि बेसिलने एखादी लहानशी गोष्ट लपवली की ती झाकण्यासाठी त्याला आणखी मोठी थाप मारावी लागते.

मंगळवारपेठकर

मनापासून आभार. उधारीची कल्पना लगेच घेत आहोत. आणखी एक शंका: सर्वांच्या तोंडी रांगडी कोल्हापुरी घातली आहे. ती पुरेशी हसवेल का?

रंकाळावासी

बोली असू द्या, पण तिच्यावर विनोद उभा करू नका. इथल्या प्रेक्षकाला त्यात हसण्यासारखे काय वाटणार? मॅन्युएलला इंग्रजी कळत नाही हे खरे, पण फजिती होते ती त्याच्यावर डाफरणाऱ्या बेसिलची. तुमच्याकडे पांढरा रस्सा संपला आहे हे कबूल करायला मालकीणबाईंचा मानीपणा आड येतो, एवढे घ्या. त्या रस्सा वाढवण्यासाठी पातेल्यात काय ओततात, वाढप्याला काय बजावतात आणि उधारी थकलेला विद्यार्थी पहिला घोट घेऊन कसे कौतुक करतो, यावर तुमचा दुसरा भाग निघेल. मास्तर मात्र खरे बोलणारे ठेवा आणि त्यांना सर्वांत शेवटी जेवायला बसवा.