ड्रायर सुरूच होत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही गुहागरला राहतो, घर अगदी समुद्राजवळ. दोन महिन्यांचं बाळ आहे, पावसाने चार दिवस उघडीप दिलेली नाही आणि नेमका कपडे वाळवायचा ड्रायर बंद पडलाय. दिवा लागतो, पण बटण दाबलं तरी ड्रम हलत नाही, मोटरची घरघरही नाही.

एमसीबी पडलेला नाही, त्याच सॉकेटवर इस्त्री चालते. जाळीत कापसाचा जाड थर साचला होता, तो काढला. दाराचा स्विच बोटाने दाबला की टिक्क वाजतो, पण खाऱ्या हवेने त्याच्या पिनांवर हिरवट गंज चढलाय. माझा संशय तिथेच आहे. की थर्मल फ्यूज गेला असेल? गरम हवा कोंडली की तो उडतो, आणि काही मशीनमध्ये मग मोटरच फिरत नाही.

मल्टीमीटर आहे. प्लग काढून कंटिन्युइटी (म्हणजे जोडणी आतून तुटलेली नाही ना) आधी कशाची तपासू, स्विचची की फ्यूजची? गंज घासून काढला तर चालेल की स्विचच बदलावा? मेकॅनिक चिपळूणहून पुढच्या आठवड्यात येणार. तोवर शेगडीवर टोपली पालथी घालून दुपटी वाळवतोय, पण त्या धुरकट वासाने बाळ शिंकतं. कोणी हे घरी दुरुस्त केलं असेल तर कृपया सांगा.