अनुभव धागा: नवी पिकअप, चोरीचा बंदोबस्त आणि विम्याचा खर्च

बोलेरो, योद्धा, इंट्रा, दोस्त, नाव काहीही असो; गाडी नवी, डोक्यावर हप्ता, आणि रात्र बाजार समितीबाहेरच्या रस्त्यावर. वायरिंग, बॉडी, विमा, वाहतूक यांपैकी ज्याचं काम रोज या गाड्यांशी येतं त्यांनी नेमकं लिहावं: काय बसवायचं, कुठे, किती अँपिअरचं, आणि कुठला कागद कमी पडला की दावा अडतो.

ऑटोइलेक्ट्रिक_नगर

किल्लीत चिप नसेल तर चोराला फक्त इग्निशनचं कुलूप फोडायचं असतं. म्हणून पहिला खर्च छुप्या कट-ऑफचा, म्हणजे सेल्फ (स्टार्टर) तोडणाऱ्या लपवलेल्या स्विचचा. 12 व्होल्ट, 40 अँपिअरचा चार पिनांचा रिले (विजेने चालणारा स्विच) घ्या. स्टार्टरकडे जाणारी सिग्नलची वायर (बॅटरीची जाड केबल नव्हे) तोडून तिची दोन टोकं रिलेच्या 30 आणि 87 नंबरच्या पिनांना जोडा. 86 ला इग्निशनचा प्लस, 85 छुप्या स्विचमधून अर्थला. स्विच बंद असेल तर सेल्फ लागत नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे 86 साठी रेडिओचा, म्हणजे ॲक्सेसरीचा प्लस घेणं. सेल्फ मारताना तो प्लस तुटतो, रिले सुटतो आणि गाडी कधीच सुरू होत नाही. सेल्फ मारतानाही जिवंत राहणारी वायर टेस्टर लावून शोधा. स्विच सीटखाली किंवा स्टिअरिंगखाली नको, पहिला हात तिथेच जातो.

काही जण मोबाइलवरून डिझेल तोडणारा रिले बसवून मागतात. मी बसवत नाही, तुम्हीही बसवू नका. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. माल भरलेली गाडी घाटात असेल तर चालकाच्या जिवाशी खेळ होतो. मोबाइलवरून तोडायचाच तर सेल्फ तोडा. चालू इंजिनाला त्याने धक्का लागत नाही, एकदा बंद झालं की मात्र परत लागत नाही.

नव्या गाडीची हार्नेस (वायरिंगचा जुडगा) शोरूमबाहेर कापली तर इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. आधी शोरूमला विचारा आणि काम झाल्यावर बिल घ्या.

कांदापट्टा

वरच्या कट-ऑफला एक पळवाट आहे: कुलूप फोडून इग्निशन चालू केलं की उतारावर ढकलूनही गाडी सुरू होते. म्हणून गाडी गिअरमध्ये, तोंड भिंतीकडे किंवा दुसऱ्या गाडीला चिकटून, पुढची चाकं पूर्ण वळवून लावा. टोचन करून न्यायलाही मग वेळ लागतो.

वजनकाट्याच्या रांगेत किल्ली लावून चहाला उतरणं बंद करा. किल्ली गाडीत होती असं दिसलं की विमा कंपनी 'वाजवी काळजी घेतली नाही' या अटीवर बोट ठेवते. असे दावे कधी पूर्ण नाकारले जातात, कधी भांडून 75 टक्क्यांवर सुटतात.

ट्रॅकर_फिटर

जीपीएस 9 ते 36 व्होल्टचा, आतली बॅटरी असलेला घ्या. प्लसवर 3 अँपिअरचा फ्यूज. अँटेनाची बाजू आकाशाकडे, वर प्लास्टिक चालेल, पत्रा नको. डॅशच्या मागे पत्र्याच्या कप्प्यात लपवला की लोकेशन उड्या मारतं आणि दोष सिमला दिला जातो.

झोपेत 15 मिलिअँपिअर ओढणारा ट्रॅकर 10 दिवसांत 3.6 अँपिअर-तास खातो, त्याने काही बिघडत नाही. इग्निशनची वायरच जोडली नसेल तर काही ट्रॅकर झोपत नाहीत. मग 60 मिलिअँपिअरने तेवढ्याच दिवसांत 14 च्या वर जातात आणि जुनी बॅटरी बसते. वायर तोडल्याचा अलर्ट चालू ठेवा आणि तो चालकाच्या नव्हे, मालकाच्या फोनवर वाजू द्या. दुसरा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा छोटा ट्रॅकर बॉडीत वेगळ्या जागी ठेवला तर पहिला काढून फेकला तरी माग राहतो.

विमा_प्रतिनिधी_पुणे

खर्चाचा हिशेब. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता 2022 च्या अधिसूचनेत 16,049 रुपये ठरला. गाडी नवी की जुनी याने त्यात फरक पडत नाही. घासाघीस होते ती ओन डॅमेजवर (स्वतःच्या गाडीच्या विम्याचा हप्ता), आणि तिथेच लोक स्वतःचं नुकसान करून घेतात.

हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) खाली आणली जाते. जुन्या टॅरिफचा (ठरलेल्या दरपत्रकाचा) पायाभूत दर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. 1 लाखाने आयडीव्ही कमी केली तर 1,750 वाचतात. 50 टक्के सूट धरली तर 875, आणि 18 टक्के जीएसटीसह साधारण 1,030. म्हणजे हजार रुपयांसाठी चोरीच्या दिवशी 1 लाख सोडायचा. कर्ज असेल तर पैसे आधी फायनान्स कंपनीला जातात, त्यामुळे ही तूट थेट मालकावर पडते. आयडीव्ही काढताना नव्या किमतीतून वजा होणाऱ्या घसाऱ्याचा तक्ता असा: 6 महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30.

एआरएआय (वाहन तपासणी संस्था) मान्य चोरीविरोधी उपकरणाची सूट जुन्या टॅरिफनुसार ओन डॅमेजच्या अडीच टक्के, तीही 500 रुपयांपर्यंतच. सुटीसाठी उपकरण घेऊ नका, गाडीसाठी घ्या. चोरीचा दावा घेतला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) शून्यावर येतो.

बॉडीबिल्डर

चेसिस-कॅब (नुसता सांगाडा आणि केबिन) घेऊन मालाचा हौद बाहेर बांधणाऱ्यांनी एक बघा: पॉलिसीत बॉडीची किंमत वेगळी लिहिली आहे का? नसेल तर दावा चेसिसच्याच रकमेवर. जीएसटीचं बिल देऊन ती आयडीव्हीत चढवून घ्या. हौदातला माल मोटार पॉलिसीत येत नाही, त्याला ट्रान्झिट विमा वेगळा.

आरटीओ_कामे

नवी गाडी घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं. तात्पुरती नोंदणी संपलेली असताना बाहेरगावी चोरीला गेलेल्या नव्या बोलेरोचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये फेटाळला. पॉलिसी चालू होती, तरीही. बॉडी बांधायला उशीर होतो आणि नेमकी याच काळात नोंदणी लटकते. पक्का नंबर येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

एकूण वजन 3,000 किलोच्या वर गेलं की परमिट लागतं. फिटनेस नव्या गाडीला दोन वर्षं, नंतर आठव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी. वर्ष-दोन वर्षांची गाडी हातबदल घेतली तर 14 दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करा. नाहीतर थर्ड पार्टी संरक्षण राहतं, पण चोरीचा दावा अडकतो.

डबलकॅब

हायलक्स, व्ही-क्रॉससारख्या खासगी नोंदणीच्या गाड्यांना रिटर्न टू इनव्हॉइस (चोरीत आयडीव्हीऐवजी खरेदी बिलाची रक्कम देणारं वाढीव संरक्षण) मिळू शकतं. पहिली तीन वर्षं घेण्यासारखं आहे. किल्ली न लावता, ती जवळ असली की उघडणाऱ्या गाडीची किल्ली घराच्या दाराजवळ टांगू नका, सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा आणि बंद पाऊच गाडीजवळ नेऊन दार उघडतं का ते तपासा. ओबीडी पोर्टला (गाडी तपासण्याचं यंत्र जोडायच्या सॉकेटला) कुलूप घाला. नवी किल्ली बहुधा तिथूनच शिकवली जाते.

दावा_तपासनीस

गाडी जागेवर नाही असं दिसलं की क्रम असा. 112 ला फोन, मग त्याच दिवशी एफआयआर. हद्दीचा वाद घातला तर झिरो एफआयआर मागा, कायद्यात तरतूद आहे. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा, फोनवर थांबू नका. फास्टॅग लगेच बंद करू नका: कुठल्या टोलवर किती वाजता पैसे कापले हे पोलिसांच्या कामाचं असतं.

पुढे पोलिसांचा 'अ समरी' अहवाल लागतो, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. त्याला महिने जातात, हप्ते मात्र थांबत नाहीत. आरटीओचे नावबदलाचे फॉर्म 28, 29, 30 आणि कर्ज असल्यास बोजा उतरवायचा 35 सह्या करून द्यावे लागतात. आणि दोन्ही मूळ किल्ल्या. एक हरवली असेल तर हरवली त्याच वेळची तक्रार आणि नव्या किल्लीचं बिल जपा. चोरीनंतर बनवलेली डुप्लिकेट दिली तर संशय तुमच्यावरच येतो.

विदर्भ_वाहतूक

चालकच गाडी घेऊन गेला तर एफआयआरमध्ये विश्वासघाताचं कलम लागतं आणि कंपनी 'ही चोरी नव्हे' म्हणते. म्हणून चालकाच्या परवान्याची प्रत, नेमणुकीचं पत्र आणि पगार बँकेतून. गाडी चालकाशिवाय भाड्याने देत असाल तर साधी पॉलिसी पुरत नाही, भाडेकरूने लंपास केल्याचं वाढीव संरक्षण विचारून घ्या.

कांदापट्टा

स्टेपनी आणि बॅटरीचं राहिलं. मालवाहू पॉलिसीत नुसत्या ॲक्सेसरीज गेल्या आणि गाडी जागेवर असेल तर भरपाई मिळत नाही. स्टेपनीला 10 मिमीची साखळी रिममधून चेसिसच्या क्रॉस मेंबरला (आडव्या दांड्याला) गुंडाळा, कुलपाचं तोंड खाली ठेवा म्हणजे चिखल जात नाही, आणि महिन्यातून एकदा तेल सोडा. पंक्चर झाल्यावर गंजलेलं कुलूप रात्री उघडत नाही.