मदत हवी आहे: दीर ५१५० होल्डवरून (जिवाला धोका वाटला की हॉस्पिटलात सक्तीने ॲडमिट करतात ते) घरी आलाय आणि घरात नवऱ्याचं पिस्तूल आहे (कॅलिफोर्निया)

चिंचगूळ
नमस्कार मंडळी, एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप पळणाऱ्यातली, आयडी मुद्दाम नवीन काढलाय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही बे एरियात राहतो. मी, नवरा, ९ वर्षांची मुलगी आणि गेले आठ महिने माझा धाकटा दीर. तो एच-वन-बी व्हिसावर आहे. मार्चमध्ये तो सलग तीन-चार रात्री झोपलाच नव्हता, एकदा पहाटे किचनमध्ये अंधारात बसलेला दिसला आणि मला म्हणाला, "वहिनी, मी नसलो तर तुमचं सगळ्यांचं सोपं होईल." माझे हातपाय गार पडले. ९८८ ला (आत्महत्या टाळायची हेल्पलाइन) फोन केला, मग पोलीस आले, त्याला ५१५० वर ॲडमिट केलं, ७२ तास. आता घरी आहे, गोळ्या नियमित चालू आहेत, परवा तर पोह्यांना फोडणी त्याने दिली.

डिस्चार्जच्या कागदांत एक फॉर्म आहे, पाच वर्षं बंदूक बाळगायला बंदी असा. दीर म्हणाला मला कुठे घ्यायचीय बंदूक, आणि घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. पण नवऱ्याकडे आहे ना! २०२० मध्ये लॉकडाऊनला सगळे घेत होते तेव्हा त्याने पण घेतलं, नाइन एमएम, वर क्लोजेटमध्ये छोट्या तिजोरीत असतं. तिजोरीचा कोड म्हणजे सासूबाईंची जन्मतारीख. दोघा भावांचा फोन, सुटकेस, वायफाय, सगळ्याला तोच कोड असतो हो!! नवरा म्हणतो कुलपात आहे, कायद्याला एवढंच लागतं, तू उगाच घाबरतेस. मला ते घरातच नकोय, पण दिराला असंही वाटायला नको की आम्ही त्याला वेडा समजतो. बंदी दिराला की आमच्या घराला? नक्की काय करू?

भरलं_वांगं
ताई, आधी तुम्ही फोन केलात ते फार बरं केलंत. मी वकील नाही, पण बरीच वर्षं इथल्या कोर्टात दुभाषी म्हणून काम केलंय त्यामुळे ही प्रकरणं कानावरून गेलीयत.

बंदी दिरावर आहे, घरावर नाही. आणि ती डिप्रेशन आहे म्हणून नाहीये, हे त्याला नीट सांगा. नुसतं निदान झालं किंवा गोळ्या चालू आहेत म्हणून इथे कुणाला बंदी नसते. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे म्हणून उचललं, तपासलं आणि खरोखर ॲडमिट केलं, की हॉस्पिटलला २४ तासांत राज्याच्या न्याय खात्याला कळवावं लागतं आणि पाच वर्षं लागू. तपासून तसंच घरी पाठवलं तर नाही. वर्षभरात पुन्हा असं झालं तर २०२० पासून बंदी जन्मभराची आहे, म्हणजे नंतर कोर्टाकडे दाद मागता येते, पण ते आपणहून उठत नाही.

आता तुमच्या नवऱ्याचं. बंदी असलेला माणूस घरात राहतोय हे माहीत असेल तर मालकाला बंदूक कुलूपबंदच ठेवावी लागते किंवा अंगावर बाळगावी लागते, नाहीतर गुन्हा मालकावर. म्हणजे नवरा म्हणतो ते कागदावर बरोबर. पण ज्याला कोड पाठ आहे त्याच्यासाठी ते कुलूप कसलं? उद्या काही झालंच तर बंदूक दिराच्याही ताब्यात होती असं सरकारी वकील म्हणू शकतो. आज रात्रीच कोड बदला, काडतुसं वेगळ्या कुलपात, बाकीचं नंतर.

उगाच_एक
सरळ गन व्हायोलन्स रिस्ट्रेनिंग ऑर्डर (धोका असलेल्या माणसाकडून बंदूक काढून घ्यायचा हुकूम) मागा ना कोर्टात, फॅमिलीला मागता येते.

भरलं_वांगं
@उगाच_एक, ती कुणावर मागणार? दिराला बंदी ऑलरेडी आहे आणि नवऱ्यापासून काही धोका नाही. २०१४ ला इथे कॅलिफोर्नियातच आयला व्हिस्टाला एका पोरानं गोळीबार केला, त्याच्या घरच्यांनी आधीच काळजी बोलून दाखवली होती तरी हातात काही साधन नव्हतं, त्यातून हा कायदा आला, २०१६ पासून लागू. ज्याच्याकडे बंदूक आहे आणि ज्याच्यापासून धोका आहे, होल्ड झालेला नसला तरी, अशा माणसासाठी तो आहे. इथे नवराबायकोनं बोलायचं काम कोर्टाकडे नेऊ नका.

ह्यूस्टनकर
आमच्या टेक्सासमध्ये असल्या रेड फ्लॅग कायद्याची भानगडच नाही. तुमच्या मिस्टरांनी कायद्याने घेतलेली वस्तू भावाच्या आजारपणामुळे का सोडायची? कोड बदला, विषय संपला.

आजोळ_साताऱ्याचं
ह्यूस्टनकर, अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आमच्या मामांची बारा बोअर होती, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर आणायची, कुणाचा मान गेला नाही की अपमान झाला नाही. चार-सहा महिने बाहेर ठेवलं तर काय बिघडतं?

ताई, एक विचारायचं होतं. दीर एच-वन-बी वर ना? मग ५१५० च्या आधीसुद्धा त्याला बंदूक चालत नव्हती. टेम्पररी व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्यानेच मनाई आहे, हंटिंग लायसन्स वगैरे थोडे अपवाद सोडले तर. म्हणजे तो राहायला आला त्या दिवसापासून तुमच्याकडे कुलपाचा नियम लागू होता.

चिंचगूळ
अगं बाई. डिसेंबरमध्ये दोघे भाऊ शूटिंग रेंजवर गेले होते, दिराने पण

आजोळ_साताऱ्याचं
ताई थांबा, इथे पुढे लिहू नका! रेंजवर भाड्याने घेतलेलं असलं तरी तोच नियम. ते इमिग्रेशन वकिलाला सांगा, आम्हाला नको.

चिंचगूळ
बरं. कोड बदललाय, नवरा न कुरकुरता उठला. आता ते ठेवायचं कुठे? नवऱ्याचा चुलतभाऊ सॅन होजेला आहे, त्याच्याकडे ठेवू का?

भरलं_वांगं
न विचारता नेऊन देऊ नका. घरातल्या कुणाची आत्महत्या टाळायला बंदूक तात्पुरती दुसऱ्याकडे सांभाळायला द्यायची सूट इथे आहे, पण तिला अटी आहेत, त्या आधी वकिलाला विचारा. एरवी बंदूक हस्तांतर करायची तर लायसन्सवाल्या डीलरमार्फत, दहा दिवस थांबून. आईवडील-मुलं, आजीआजोबा-नातवंडं, नवराबायको यांना सूट आहे पण त्यातही फॉर्म आहेच, आणि चुलतभाऊच काय सख्खा भाऊसुद्धा त्यात बसत नाही. डीलरला फोन करून विचारा, काहीजण भाड्याने ठेवून घेतात. पोलिसांकडे जमा करायचं असेल तर आधी नॉन-इमर्जन्सी नंबरवर फोन, पिशवीत घेऊन स्टेशनात शिरू नका.

आणि त्या कागदांत बंदी उठवायला कोर्टात हिअरिंग (सुनावणी) मागायचा फॉर्म असतो, त्याबद्दल. पाच वर्षांत एकदाच मागता येतं, आणि हा माणूस बंदूक नीट वापरणार नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची असते. पण व्हिसाची बंदी आहेच, त्यामुळे जिंकून तरी काय. फॉर्म फेकू नका, वकिलाला दाखवा.

चिंचगूळ
अपडेट देते, बऱ्याच जणांनी विचारलंय. शनिवारी नवरा डीलरकडे ठेवून आला. म्हणजे आधी शुक्रवारी आमचं कडाक्याचं वाजलं, तो म्हणाला तुला माझ्या भावावर भरवसा नाही, मी म्हटलं भरवसा भावावर आहे, त्या पहाटेवर नाही. मग दोघेही गप्प. दिराला त्यानेच सांगितलं, मी नव्हते तिथे, जिन्यात उभी होते. दीर एवढंच म्हणाला, "दादा, मी तुला हे सांगणारच होतो." मी तशीच खाली जाऊन कुकर लावला.

वकिलाची अपॉइंटमेंट गुरुवारची आहे. भरलं_वांगं, तुम्हाला वेगळा निरोप टाकलाय, बघाल का? डीलरने दर महिन्याला भाडं सांगितलंय ते नवरा भरणार, विकायचं नाव अजून काढत नाही, त्यावर मी सध्या बोलत नाहीये. सासूबाईंना यातलं काहीच माहीत नाही, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर विचारतात धाकटा बारीक का झालाय.