मदत हवी आहे: बारावी फिजिक्ससाठी ऑनलाइन काय वापरावं?

नमस्कार मंडळी,

भाचा यंदा बारावी सायन्सला आहे, गोवा बोर्ड. राहतो सत्तरी तालुक्यात. पुस्तकं एनसीईआरटीचीच, त्यांची पीडीएफ साइटवर फुकट मिळते, तो प्रश्न नाही. घोडं अडतंय ते उदाहरणांत. भिंगाचं सूत्र झोपेतही सांगेल, पण अंतर्गोल भिंग आलं की नाभीय अंतराला ऋण चिन्ह द्यायचं राहतं आणि प्रतिमा भलत्याच बाजूला जाऊन बसते. लेंझच्या नियमात (चुंबक हलला की कॉइलमध्ये प्रवाह कुठल्या दिशेने वाहतो, तो नियम) तर प्रवाहाची दिशा चक्क अंदाजपंचे!

कोलोरॅडो विद्यापीठाची फेट (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, दाखवली. चुंबक कॉइलमध्ये सरकवला की बल्ब पेटतो, थांबवला की विझतो. ते पाहून गडी खूश. खान अकॅडमीवरही समजावणं छान आहे. पण समजणं वेगळं आणि पेपरात डेरिव्हेशन पायरीपायरीने, आकृतीसकट लिहिणं वेगळं. बोर्डाच्या पेपरात मार्क त्या पायऱ्यांनाच.

तर कुणाला माहीत असेल तर सांगा: गोवा बोर्डाचे जुने पेपर उत्तरांसह कुठे मिळतील? सोडवलेली उदाहरणं चिन्हांसकट नीट मांडणारं चॅनल कोणतं? व्हिडिओ छोटे आणि डाउनलोड होणारे हवेत, पावसात इथे रेंजचा भरवसा नाही. जेईईवाल्यांची तासन्‌तास चालणारी लेक्चर्स कृपया नकोत, त्यात बोर्डाचा अभ्यास मागे पडतो असं माझं मत. मराठी-कोंकणीतून समजावणारं कुणी असेल तर दुधात साखर. ट्यूशन मात्र सुचवू नका, म्हापशाला जाऊन येईपर्यंत संध्याकाळच संपते.