उन्हाळ्यात टायरची हवा कमी करायची का? समृद्धीच्या निमित्ताने

जालना_चारचाकी
एप्रिल लागला की जालना, परभणी, नांदेड पट्ट्यात एकच सल्ला फिरू लागतो : "ऊन तापतंय, टायर फुगून फुटतील, चार पॉइंट हवा कमी ठेवा." (पॉइंट म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप.) माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला चुकीचा आहे, आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून तो घातक ठरतो आहे.

टायर बाहेरच्या उन्हानं फुटत नाही, आतल्या दमणुकीनं फुटतो. चाकाचा जमिनीला टेकलेला भाग दबतो, वर गेला की पुन्हा मूळ आकारात येतो. दर खेपेला थोडी ऊर्जा रबरात उष्णता होऊन उरते. २०५/५५ आर १६ मापाच्या टायरचा घेर जवळपास २ मीटर. १२० च्या वेगाला हे चाक सेकंदाला १७ वेळा, म्हणजे मिनिटाला हजार वेळा फिरतं. हवा कमी असली की बाजूची भिंत जास्त वाकते आणि दर फेरीला जास्त तापते. वेग फारच वाढला तर दबलेला भाग सरळ व्हायच्या आत पुन्हा जमिनीवर येतो, टायरच्या अंगावर लाटा उठतात. ती अवस्था आली की काही मिनिटांत आतले स्टीलचे पट्टे रबरापासून सुटू लागतात.

बीड किंवा हिंगोलीच्या रस्त्याला हे खपून जायचं, कारण दर दहा मिनिटांनी गाव, गतिरोधक, ट्रॅक्टर. टायरला थंड व्हायला सवड मिळायची. समृद्धीवर जालन्याहून निघालेली गाडी नागपूरपर्यंत ब्रेक न लावता जाऊ शकते. सवय जुन्या रस्त्याची आणि वेग नव्या रस्त्याचा, गडबड इथं आहे.

दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड स्टिकर असतो. त्यावर ३३ लिहिलं असेल तर उन्हाळ्यातही ३३. पाच माणसं आणि डिकी भरून जाणार असाल तर त्याच स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा असतो. मागच्या चाकांना तो.

वाळूज_ट्रॅक
दादा, अर्धं पटलं. पण कंपनीचा आकडा म्हणजे वेदवाक्य नव्हे. टायरला गार आकड्याशी घेणं-देणं नसतं, तो धावतो गरम दाबावर. शर्यतीच्या ट्रॅकवर सगळे हेच करतात : चार-पाच फेऱ्या मारायच्या, पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) यायचं, गरम टायरला दाब मोजायचा गेज लावायचा, वाढलेली हवा सोडून ठरलेल्या आकड्यावर आणायची. दाब जास्त झाला की टायरचा मधला भाग फुगतो, जमिनीला टेकणारं क्षेत्र घटतं, पकड जाते, ब्रेकिंगचं अंतर वाढतं.

मे महिन्यात ४२-४३ अंशांत समृद्धीवर तासभर चालवलं तर ३३ चे ३९ होतात. ३९ वर अचानक ब्रेक मारावा लागला तर? ट्रॅकवर जे शास्त्र चालतं ते रस्त्यावर का चालू नये? दोन-तीन पॉइंट कमी ठेवणं ही भीती नाही, हिशोब आहे.

परभणी_गेज
हिशोबच मांडायचा तर पूर्ण मांडू. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. गणितासाठी त्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवायचे आणि तापमान केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३) घ्यायचं.

पहाटे २५ अंशांना ३३ भरले : एकूण ४७.७. धावून आतली हवा ६० अंशांवर गेली : ४७.७ गुणिले ३३३ भागिले २९८, म्हणजे ५३.३. गेजवर साडेअडतीस. तुमचा ३९ चा आकडा बरोबर आहे. पण ही वाढ स्टिकर ठरवताना धरलेलीच असते, ३३ म्हणजे गरम झाल्यावर ३८-३९ होणारे ३३. आता गरम टायरची हवा सोडून ३३ वर आणा. दुसऱ्या दिवशी पहाटे २५ अंशांना गेज २८ दाखवेल. पाच पॉइंटची तूट, आणि चालवणारा निर्धास्त, कारण त्यानं काल स्वतः मोजून ३३ केलेले!

तुम्ही तीनच कमी म्हणता, म्हणजे गार ३०. त्यातही फसगत आहे. हवा कमी असलेला टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, म्हणून त्याचा दाब जास्त चढतो. सोडलेली हवा उष्णतेच्या रूपानं परत येते.

तरीही मूळ पोस्टवर माझा एक आक्षेप आहे. "गार" म्हणजे केव्हा, ते तिथं सांगितलेलं नाही. सावलीत तीन तास उभी असलेली किंवा दोन किलोमीटरच्या आत चाललेली गाडी, हा सर्वसाधारण नियम. पण परभणीत मे महिन्यातली दुपारी तीनची सावली ४२ अंशांची असते. त्या वेळी भरलेले ३३ पहाटे २५ अंशांना साडेतीस होतात, आणि तीच हवा डिसेंबरच्या १० अंशांच्या सकाळी २८. म्हणून आपल्याकडं हवा पहाटेच भरावी, आणि दिवाळीनंतर थंडी पडली की पुन्हा तपासावी. "दहा अंशांना एक पॉइंट" असं सांगतात, तेही कमीच धरलेलं आहे. ३३ च्या आसपास दहा अंश सेल्सिअसला दीड पॉइंटहून थोडा जास्त फरक पडतो.

लातूर_डिझेल
गणित समदं ठीक आहे, पण तुम्ही फक्त समृद्धीचा विचार करतेत. आमच्या गाड्या महिन्यातून एकदा समृद्धीवर जातेत, बाकी दिवस लातूर-निलंगा, औसा, तिथून पुढं गावाकडचे रस्ते. टणक टायर खड्ड्याच्या काठावर आदळला की आतला दोरा तुटतो आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर मग समृद्धीवर नेला तर तो फुटणारच. तिथं दोष हवा कमी असण्याचा का जास्त असण्याचा?

आमच्याकडं पंक्चरवाले ३० सांगतेत ते उगाच नाही. आपटा कमी बसतो, सस्पेंशनचे बुश टिकतेत, शेतरस्त्याला चाक घसरत नाही.

जालना_चारचाकी
भाऊ, खड्ड्यात फुगा येतो तो बहुतेक वेळा कमी हवेनंच. हवा कमी असली की टायरची भिंत रिम आणि खड्ड्याचा काठ यांच्यामध्ये चिमटली जाते, तिथंच दोरे तुटतात. ४५-५० हवा भरली तर आदळल्यावर मधले पट्टे दुखावतात हे खरं, पण ३३ म्हणजे टणक टायर नव्हे. टायरच्या बाजूवर ४४ किंवा ५१ लिहिलेलं असतं ती कमाल मर्यादा, भरायचा आकडा नाही. काही जण तोच भरतात, ते वेगळंच संकट.

शेतातल्या चिखलासाठी हवा कमी करणं योग्यच आहे. पण डांबरी रस्त्याला लागण्याआधी परत भरली पाहिजे. सिगारेट-लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप डिकीत ठेवा, २५ चे ३३ करायला चाकामागं काही मिनिटंच लागतात.

नांदेड_रेस
वाळूज_ट्रॅक, "ट्रॅकचं शास्त्र" हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून लिहितो. फॉर्म्युला वनमध्ये नेमकी उलटी लढाई चालते. संघांना दाब कमी हवा असतो, कारण पकड मिळते. आणि टायर पुरवणारी पिरेली किमान दाब ठरवून देते, कारण कमी दाबाला टायर फुटतो.

२०१३ ची सिल्व्हरस्टोनची शर्यत आठवा. हॅमिल्टन, मासा, व्हेर्न, पेरेझ, एकाच दुपारी चौघा चालकांचे टायर फाटले. पिरेलीनं जी कारणं दिली त्यांत कमी दाब होता, टोकाचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) होता, मागचे टायर डावे-उजवे उलटे बसवणं होतं आणि उंच कर्ब (वळणाच्या काठावरचे उंचवटे) होते. २०२१ ला बाकूमध्ये स्ट्रोल आणि व्हर्स्टॅपेन, दोघांचा मागचा डावा टायर सरळ पट्ट्यावर पूर्ण वेगात गेला. तुटलं काय? बाजूच्या भिंतीची आतली कड. त्यानंतर दाबाची तपासणी कडक झाली.

आणि २०१५ ची मोंझा. ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटते त्या जागी, मोजलं तेव्हा हॅमिल्टनच्या मागच्या डाव्या टायरमध्ये किमान दाबापेक्षा ०.३ पीएसआय आणि रोझबर्गच्या टायरमध्ये १.१ पीएसआय कमी निघाले. शर्यत संपल्यावर चौकशी बसली. टायर गरम ठेवणाऱ्या आवरणांची वीज काढल्यामुळं टायर गार होऊन दाब उतरला असं ठरलं, म्हणून हॅमिल्टनचा विजय टिकला. तिथं ०.३ वर चौकशी बसते आणि आपण डोळे झाकून चार पॉइंट सोडतो.

सलग भार आणि वेग टायरला काय करतो ते २००५ च्या इंडियानापोलिसच्या शर्यतीनं दाखवलं. १३ व्या वळणाच्या तिरप्या रस्त्यावर मिशेलिनचे टायर टिकेनात, ते लावलेल्या चौदा गाड्या शर्यतीआधीच्या फॉर्मेशन फेरीनंतर आत गेल्या आणि शर्यत सहाच गाड्यांत झाली. आपल्या नारायण कार्तिकेयनचा चौथा क्रमांक त्याच शर्यतीतला. तो टायर साध्या वळणांना उत्तम होता. एका ठिकाणी भार आणि वेग एकत्र आले, आणि तिथंच तो कमी पडला. बीड रोडला टिकलेला टायर समृद्धीवर टिकेलच असं नाही, त्याचं कारणही हेच.

वाळूज_ट्रॅक
सिल्व्हरस्टोन आणि बाकूचे मुद्दे मान्य. सलग १२० साठी गरम टायरची हवा सोडू नये, एवढं मी मागं घेतो. ट्रॅकवर सेशन पंधरा मिनिटांचं असतं, गाडीत एकटा माणूस असतो आणि दर सेशननंतर टायर तपासला जातो. रस्त्यावर यातलं काहीच नसतं, हा फरक मी लक्षात घ्यायला हवा होता.

पण जास्त दाबाचा मुद्दा मी सोडणार नाही. "कमी नको" ऐकून लोक ४० भरतात. एकटा माणूस, रिकामी डिकी, पुढं-मागं ४०, आणि पहिल्या पावसात शेंद्र्याच्या वळणावर गाडी सरकते. टायरचा मधला पट्टा आधी झिजतो, कडा नव्या दिसतात आणि मालक टायर चांगला आहे असं समजतो.

परभणी_गेज
४० चूकच. फक्त पावसाचं कारण नीट लिहा, नाहीतर लोक पावसाळ्यात हवा कमी करतील. पाण्याच्या थरावर टायर तरंगण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाप्रमाणं वाढतो. विमानांच्या टायरसाठी काढलेलं जुनं सूत्र आहे : पीएसआयचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये. त्यानं ३३ ला सुमारे ९६ किलोमीटर आणि २८ ला ८८ येतात. नक्षी शाबूत असलेला कारचा टायर याहून बराच पुढं तग धरतो, पण दिशा तीच : दाब कमी तर तरंगणं लवकर. ४० ला तरंगायचा धोका वाढत नाही, धोका ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा आहे.

पैठण_रोड
मग नायट्रोजनचं काय? तो तापत नाही म्हणतात.

परभणी_गेज
साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. फरक बाष्पाचा आहे. पंपाच्या टाकीत पाणी साचलेलं असेल तर ती ओल टायरमध्ये जाते आणि दाब जास्त वर-खाली होतो. शर्यतीत कोरडा वायू वापरतात तो त्यासाठी. पैसे घालवायचेच तर स्वतःचा चांगला गेज घ्या, पंपावरचे गेज दोन-दोन पॉइंट चुकलेले असतात.

धाराशिव_टायर
सगळे हवेवर भांडताय, पण मुळात टायर कोणता आणि किती जुना? माझ्या मते हा पहिला प्रश्न आहे. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, ती बनवल्याची तारीख. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीची नक्षी सात वर्षांनंतरही भरलेली दिसते, पण उन्हानं रबर वाळलेलं असतं आणि नक्षीच्या खाचांत बारीक भेगा पडलेल्या असतात. असा टायर बरोबर ३३ वर ठेवला तरी समृद्धीचा नाही.

दुसरं, भाराचा हिशोब. टायरवर मापापुढं ९१ व्ही असं लिहिलेलं असतं, त्यातला ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंत. पण ते ६१५ किलो ३६ पीएसआयला. २८ ला तोच टायर ढोबळमानानं पाचशे किलोचा उरतो. गाडी साडेबाराशे किलो, पाच माणसं आणि सामान धरून साडेसोळाशे, मागच्या एका चाकावर साडेचारशेच्या पुढं. म्हणजे २८ ला लगेच फुटेल असं नाही, हे जालनाकरांनीही मान्य करावं. पण शिल्लक जागा संपत येते, आणि त्यात सावकाश गळणारी एक खिळ्याची जागा पुरेशी होते. स्वस्तात मिळतो म्हणून ९१ च्या जागी ८२ चा टायर बसवणारेही आहेत. ८२ म्हणजे ४७५ किलो. तिथं हवेनं काही वाचत नाही.

जालना_चारचाकी
मान्य. २८ ला फुटतोच असं माझं म्हणणं नाही. मी म्हणतो, पंक्चर झालं तर सावरायला जागा उरत नाही.

लातूर_डिझेल
खिळ्याचं निघालं म्हणून सांगतो. बाहेरून दोरी कोंबलेलं पंक्चर गावापुरतं ठीक. समृद्धीवर जायचं तर टायर रिमवरून काढून आतून मशरूम पॅच लावून घ्या. बाजूच्या भिंतीचं पंक्चर असलं तर तो टायर टाकून द्या, मग कुणी काहीबी सांगो. आणि स्टेपनी बघा. बारीक स्टेपनीवर ६० पीएसआय आणि ताशी ८० असं लिहिलेलं असतं, पण तिच्यात बहुतेकांच्या वीसबी निघत नाहीत.

हवेबाबत मी ३० वरून ३३ वर यायला तयार आहे, पण भरल्या गाडीला मागं ३६-३८ टाकून आमच्या औशाच्या रस्त्याला चालवा म्हणू नका. तिथं मी ऐकणार नाही.

नांदेड_रेस
डॅशबोर्डवर दाबाचा दिवा आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी शेवटचं. बऱ्याच गाड्यांत चाकात सेन्सर नसतो, एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांच्या फिरण्यातला फरक बघून अंदाज काढतं. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर त्याला फरक दिसत नाही. गरम टायरची हवा सोडून कुणी रीसेट दाबलं, तर तो कमी दाबच ते बरोबर धरून चालतं. सेन्सर असलेल्या गाड्यांतही दिवा पुष्कळदा पाव हवा गेल्यावर लागतो, म्हणजे ३३ चे २५ झाल्यावर. रीसेट करायचं ते पहाटे, गार टायरला, गेजनं चारही चाकं मोजून झाल्यावर.